शुल्क आमचं, परतावा तुमचा!

मुंबईच्या समस्त खाद्यतेल आयातदार शेठ मंडळींस,
मंगरूळपीरच्या एका गिऱ्हाइकाचा सादर नमस्कार. वि. वि.

जादा आकारलेलं आयात शुल्क उद्या सरकारने परत केलं, तर ते तुम्हालाच मिळावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. बंदरावर चलन तुम्ही भरलं. आम्ही काय, नुसते पैसे दिले!

१४ सप्टेंबर २०२४ आठवतो ना? कच्च्या सोयातेलावरचं शुल्क सेस धरून ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झालं. देशात कमी शुल्काचं सुमारे ३० लाख टन तेल पडून होतं, दीड महिना पुरेल एवढं. ते संपेपर्यंत भाव वाढवू नका, असं केंद्राला सांगावं लागलं. आमच्या किराणा दुकानात मात्र जुनं तेल रातोरात नवं झालं. मे २०२५ अखेर शुल्क १६.५ टक्क्यांवर उतरलं, तेव्हा उत्तर मिळालं, 'हा आधीचा महागाचा माल आहे, भाऊ.' तुमची भाववाढ मोटारीने येते, स्वस्ताई बैलगाडीने.

शुल्क वाढवलं होतं सोयाबीनवाल्या शेतकऱ्यासाठी. आमच्याकडे शेतकरी आणि गिऱ्हाईक एकच. त्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल. खुल्या बाजारात तेवढेही मिळेनात. सोयाबीन पडत्या भावात विकलं आणि अर्जेंटिनाचं तेल चढ्या भावात घेतलं.

कायदा मात्र तुमच्यावर फार संशय घेतो. शुल्काचा बोजा तुम्ही गिऱ्हाइकावर टाकला, असं तो गृहीतच धरतो. तसं नाही हे सिद्ध करा, नाहीतर परतावा ग्राहक कल्याण निधीत जाईल, ही दुरुस्ती १९९१ची. १९९६ साली मफतलाल इंडस्ट्रीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानेही हेच तत्त्व उचलून धरलं.

सीमाशुल्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बोजा सोसणाऱ्यालाही वर्षाच्या आत अर्ज करता येतो. आमचा पुरावा तयार आहे : 'तेल १ किलो' लिहिलेलं चिठोरं. त्यावर शुल्काचा आकडा कुठला! म्हणून आमचा पैसा निधीत जातो. त्यातून ग्राहकहिताच्या कामांना अनुदानं मिळतात. आमच्या डब्याचा भाव आहे तिथेच.

तेव्हा शेठ, एवढंच करा. पुडक्यावर किमतीशेजारी शुल्काचा आकडा छापा आणि शुल्क उतरलं की त्याच आठवड्यात भाव उतरवा. हे जमत नसेल, तर परताव्याच्या अर्जावर सही करू नका. तो पैसा आमचा आहे.

कळावे,
आपलाच,
शुल्क भरूनही चलन न मिळालेला एक गिऱ्हाईक
मंगरूळपीर, जि. वाशीम