फोनचा जाहीर सत्कार

माझ्या फोनचा भवानी मंडपात जाहीर सत्कार व्हावा, ही नम्र सूचना. संगणकावर ईमेलचा पासवर्ड बदलला, पण हा इमानी गडी जुनाच उराशी धरून बसलाय. बिंदू चौक ते महाद्वार रोड एवढ्या अंतरात सहा वेळा माझी ओळख विचारतो. सिंक मात्र मंगळवारीच थांबलंय. फोनमधलं खातं काढून नव्या पासवर्डानं पुन्हा जोडलं की हे मिटतं म्हणे; पण इतक्या आपुलकीनं चौकशी घरात तरी कोण करतं? उलट हीच शिस्त पांढऱ्या रश्शालाही लावावी: वाटीगणिक ओटीपी.

आणि अंबाबाईच्या किरणोत्सवाचंही बघा जरा. दरवर्षी नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर, ढग नसले तर, सूर्य पासवर्डाशिवाय थेट गाभाऱ्यात सिंक होतो. त्याचं खातं तपासलंय का कुणी?