पिशाच्चाशी गाठ पडलेल्या फौजदारास काही सूचना

ठाण्याचा कारभार नव्याने हाती घेणाऱ्या अधिकाऱ्यास चोर, दरोडेखोर, जुगारी आणि पुढाऱ्यांचे भाचे यांच्याशी कसे वागावे याचे शिक्षण नाशिकच्या अकादमीत यथास्थित मिळते. परंतु मध्यरात्री भिंतीतून आरपार येऊन टेबलासमोरच्या खुर्चीत बसणाऱ्या इसमाशी कसे वागावे, याची शिकवणी आजवर चित्रपटांकडेच राहिली आहे, आणि ती त्यांनी इतकी वाईट दिली आहे की प्रस्तुत लेखकास लेखणी उचलणे भाग पडले.

पहिला दोष अमेरिकन शेरीफाचा. हा शब्द ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी यांच्या संयोगातून सिद्ध झाला; मुंबईत तो ‘नगरपाल’ या नावाने केवळ शोभेपुरता उरला असला, तरी अमेरिकेत मात्र तो बहुधा मतांनी निवडून येतो, आणि मतदार बिथरू नयेत म्हणून भयपटातला शेरीफ पहिली दोन प्रेते पडेपर्यंत ‘रानटी श्वापद असावे’ असे सांगत राहतो. १९८५ च्या ‘सिल्व्हर बुलेट’मधला शेरीफ लांडगामानवाच्या तपासाला एकटाच जातो व प्राणास मुकतो, २००७ च्या ‘थर्टी डेज ऑफ नाइट’मधला, अलास्कातल्या बॅरो गावचा शेरीफ रक्तपिपासूंचेच रक्त स्वतःच्या शिरेत टोचून घेतो, जे कोणत्याही सेवानियमात बसणारे नाही, आणि १९८१ च्या ‘डेड अँड बरीड’मधल्या शेरीफास तर अखेरीस असा शोध लागतो की या प्रकरणातील एक मयत आपण स्वतःच आहोत. आपल्याकडे असे होणे नाही. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना ही बाब कोषागाराच्या कारकुनाने सहज पकडली असती.

मराठी चित्रपटाने या खात्याची अब्रू थोडीफार राखली, हे मान्य केले पाहिजे. १९९३ च्या ‘झपाटलेला’त महेश कोठारे यांनी दिग्दर्शनाबरोबर इन्स्पेक्टरचीही भूमिका स्वतःकडे ठेवली, आणि त्यांच्या गोळीने कोसळलेला तात्या विंचू मंत्रबळाने बाहुल्यात शिरला तेव्हा त्याला थेट भ्रूमध्यात गोळी घालून प्रकरण निकाली काढले. मार्ग खात्रीचा खरा; पण गुन्हेगार हाच मुद्देमाल असताना मुद्देमालावर गोळी झाडण्याचा अधिकार कोणत्या कलमान्वये, हा प्रश्न उरतोच. त्यापेक्षा २००३ च्या हिंदी ‘भूत’मध्ये नाना पाटेकरांनी उभे केलेले इन्स्पेक्टर कुरेशी आम्हांस अधिक अनुकरणीय वाटतात, कारण सारे घर भुताच्या मागे लागलेले असताना त्यांनी आपला संशय सातत्याने जिवंत माणसांवरच ठेवला, आणि कोठडीत गेला तोही जिवंत माणूसच.

आता प्रत्यक्ष कार्यपद्धती. काही वर्षांपूर्वी दौलताबादच्या किल्ल्यात, कातळ खोदून केलेल्या त्या नागमोडी अंधारीत, वाटाड्याची मशाल अकस्मात विझली, डोक्यावर काहीतरी सळसळले, आणि आमच्यातले भलेभले रामरक्षेची सुरुवात आठवू लागले असताना सोबतचे एक निवृत्त हवालदार काळोखाकडे वळून खड्या आवाजात म्हणाले, “कोण आहे रे? नाव सांग, गाव सांग!” काळोखातून निघाली ती वटवाघळे, पण पद्धत बिनचूक होती. पिशाच्चापुढे पिस्तूल काढू नये, कोरा कागद काढावा. “मी नामे अमुक, वय वर्षे अमुक, धंदा अमुक, राहणार अमुक, समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की” या वाक्याचे सामर्थ्य अथर्ववेदातल्या मंत्राहून तिळमात्र कमी नाही; भलेभले निर्ढावलेले इसम ‘धंदा’ या शब्दापाशी येऊन गोंधळतात, मग ज्याला शेदीडशे वर्षांत कामधंदा नाही त्याची काय कथा!

पत्त्याच्या रकान्यात मात्र आमच्या शहरी विशेष दक्षता हवी. मलिक अंबराने १६१० साली वसवलेल्या गावातला मयत ‘राहणार खडकी’ म्हणेल, १६२६ नंतरचा ‘फतेहनगर’ सांगेल, १६५३ नंतरचा ‘औरंगाबाद’ लिहवील, आणि २०२३ नंतर गेलेला ‘छत्रपती संभाजीनगर’ असे नीट उच्चारील. चौघेही खरेच बोलत असल्याने खोटी माहिती दिल्याबद्दल कोणासही दटावू नये. जबाब कोणत्या अधिकाऱ्यापुढे द्यायचा यावरही काही जण अडून बसतील, कारण निजामी अमलात वारलेला गृहस्थ अमिनाखेरीज कोणाला ओळखत नाही आणि फारच मानी असला तर मोहतमिमसाहेबांनाच बोलवा म्हणतो. त्याला १७ सप्टेंबर १९४८ ची हकिगत शांतपणे समजावून द्यावी.

यानंतर पिशाच्चाची जात ठरवावी, म्हणजे निम्मी प्रकरणे आपसूक दुसऱ्या खात्याकडे वर्ग होतात. पुरलेल्या धनावर बसलेला समंध हा पोलिसांचा विषयच नव्हे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते, सबब समंधासह कागद तिकडे रवाना करावेत. वाटसरूस रात्रभर एकाच माळावर फिरवणारा चकवा वाहतूक शाखेकडे सोपवावा. मुंजा पिंपळावर राहतो आणि त्याचे वय सोडमुंजीच्या आतले, म्हणून त्याच्याशी बालकांविषयीच्या कायद्याप्रमाणे गणवेश उतरवून, साध्या वेषात, गोड बोलावे. हडळीची पावले उलटी असतात याचा बाऊ करू नये; पायठशांचा माग धरून गेल्यास ती कोठे गेली हे कळत नाही खरे, पण कोठून आली ते कळते, आणि तपासाला हवे असते ते तेच.

खरी अडचण पुराव्याची. कायद्याला मृत्युपूर्व जबानी मान्य आहे. मृत्यूनंतरच्या जबानीची तजवीज १८७२ च्या जुन्या साक्ष अधिनियमात नव्हती आणि त्याच्या जागी आलेल्या नव्यातही नाही. शिवाय रात्री दोन वाजता पिंपळाखालच्या पंचनाम्यास पंच मिळवणे हे पिशाच्च मिळवण्याहून दुष्कर.

असे असले तरी महाराष्ट्रातील अधिकाऱ्यास एक गोष्ट लाभलेली आहे, जी चित्रपटांतल्या त्या शेरीफांपैकी एकालाही लाभली नाही: कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या, तो जादूटोणाविरोधी कायदा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर त्याच महिन्यात वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. येथे विनोद क्षणभर बाजूस ठेवतो. या कायद्याने पोलीस निरीक्षकाहून कमी नाही अशा दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद केली; भूत आहे की नाही या वादात कायदा पडला नाही, पण भूत उतरवण्याच्या मिषाने माणसाला दोरखंडाने वा साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, छताला टांगणे, हे सारे त्याच्या अनुसूचीत पहिल्याच क्रमांकावर नमूद आहे. शिक्षा सहा महिन्यांहून कमी नाही व सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

तेव्हा वाचकहो, शेजारच्या घरातून अपरात्री मिरचीचा ठसका आणि कोणा पोरीचा आक्रोश एकदम ऐकू आला, तर खिडकी लावून न घेता ११२ क्रमांक फिरवावा. नाव, गाव स्पष्ट सांगावे. भुताचे नाव ठाऊक नसल्यास तो रकाना कोरा राहिला तरी चालेल. मांत्रिकाचे मात्र न विसरता लिहवावे.