लहान लाटेला मोठी फळी

गोल्ड कोस्ट, क्वीन्सलंड
3 ऑगस्ट

ती. आई व ती. अण्णा यांस,


गाडीच्या टपावर बांधलेल्या निळ्या फळीचा फोटो ग्रुपवर पडल्या पडल्या अण्णांनी विचारलं, "घर बदलताय का?" आणि आईने पाठोपाठ विचारलं, "केवढ्याला पडली?" किमतीचं आधी उरकून टाकते. फळी जुनी आहे, एका कोपऱ्यात पोचा आहे आणि घासाघीस मी स्वतः केली आहे. आईने निश्चिंत व्हावं. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अंगठ्याने टाइप करण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही सगळे लाटेवर स्वार व्हायला शिकतो आहोत. "सगळे" म्हणजे तुमचे जावईसुद्धा.

घाबरू नका, लाट लहान आहे. इथे कूलंगाटाच्या टोकाला स्नॅपर रॉक्स म्हणून जागा आहे, तिथली लाट जगज्जेत्यांची. आठ वेळा जगज्जेती ठरलेली स्टेफनी गिल्मोर याच पट्ट्यातली. तिकडे आम्ही खडकावर बसून शेंगदाणे खात बघतो. आपला कारभार तिथून जरा पुढे, ग्रीनमाउंटला, नाहीतर करंबिनच्या खाडीच्या तोंडाशी. सध्या हिवाळा आहे, सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि लाट नीट घडी घातल्यासारखी येते. उंची कमरेपर्यंत, फार तर. आमच्यापेक्षा लहान मुलं तिच्यावर उभी राहून डबा खातील, इतकी सभ्य.

पण सभ्य लाटेवर उभं राहणंच अवघड असतं, हे तुमच्या जावयांना मान्य नव्हतं. दुकानात गेले आणि भिंतीवरची सगळ्यात देखणी, टोकदार, सहा फुटी फळी उचलून आले. तिच्यावर विजेचा लोळ रंगवलेला होता. दुकानातल्या पोराने भीत भीत विचारलं, "वजन किती, सर?" हे म्हणाले, "त्याचा काय संबंध?"

संबंध होता. फळीची तरंगण्याची ताकद इथे लिटरमध्ये मोजतात. ती सुंदरी तीसेक लिटरची आणि आपले जावई चौऱ्याऐंशी किलोंचे. हे तिच्यावर पालथे झोपले की दोघंही अर्धे पाण्याखाली. लाट यायची, खालून निघून जायची आणि हे जागच्या जागी हात मारत राहायचे. किनाऱ्यावरून बघणाऱ्या एका आजोबांना वाटलं, कोणी मदतीला बोलावतंय.

अण्णा, तुम्ही जन्मभर नौदलाच्या आयएनएस शिवाजीच्या वर्कशॉपमध्ये काढलात, तेव्हा हिशोब तुम्हालाच पटेल. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोल पाण्यात आली की फुटते. मीटरभर उंचीची लाट त्या सुमाराला ताशी बारा-तेरा किलोमीटरने पुढे येत असते. पालथं पडून हातांनी पाणी मारणारा माणूस जेमतेम त्याच्या निम्म्या वेगाने जातो. मधली तूट फळीने भरून काढायची. लांब, रुंद, जाड फळी पाण्यावर उंच तरंगते, त्यामुळे लाटेने मागून जरासं उचललं की ती उतारावरून घसरायला लागते. मोठ्या लाटेत मुळात जोर असतो, तिथे लहान फळी खपून जाते. लहान लाट मात्र गरीब. तिच्याकडून काही हवं असेल तर आपणच भारदस्त फळी घेऊन जायचं. म्हणून ही निळी: नऊ फुटी, ऐंशी लिटरच्या वर, आतून फोमची आणि वरून मऊ, म्हणजे डोक्यात बसली तरी टाके पडत नाहीत. विजेचा लोळ गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभा आहे. पाहुण्यांना तो दाखवतात.

पाण्यात जाण्याआधी वाळूवर शिकवणी होती, रीतसर फी भरून. मास्तर म्हणाले, पालथे झोपा, तळवे छातीशी टेका, छाती वर उचला, नजर समोर. मी यांच्याकडे बघितलं, हे माझ्याकडे. अण्णा, हे तर तुमचं रोज सकाळचं भुजंगासन! स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये आपली कैवल्यधाम योगसंस्था काढली तेव्हापासून तिथे हेच चाललंय. फरक इतकाच, की इथे त्यानंतर एका उडीत पाय खाली घेऊन उभं राहायचं असतं, आणि तेवढ्या उडीचेच पैसे घेतात.

उभं राहिल्यावर काय करायचं, ते मात्र मला शिकवावं लागलं नाही. नाणे मावळातल्या आपल्या खाचरात चिखलणी झाली, की तुम्ही बैलांमागे सपाटीची फळी जोडायचात आणि वजन म्हणून मला तिच्यावर उभं करायचात. "पुढे झुकलीस तर फळी चिखलात घुसेल, मागे रेललीस तर नुसतीच उंडारेल. गुडघे सैल सोड आणि पायाकडे नको, बांधाकडे बघ." इथल्या मास्तरांनी इंग्रजीत शब्द न् शब्द हेच सांगितलं. पुढे भार गेला की फळीचं नाक पाण्यात शिरतं आणि आपण तिच्या आधी किनाऱ्याला पोचतो. मागे गेला की ब्रेक लागतो. मला बरं जमतंय म्हणून यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, माहेरचं आहे.

धाकटीचं वाहन वेगळं. तिने पोटावर झोपून जायचा आखूड बूगी बोर्ड घेतला आहे. टॉम मोरी नावाच्या गृहस्थाने 1971 मध्ये हवाईत तो काढला. पायात रबरी पर घालून ती गुडघाभर फेसातसुद्धा सुसाट येते. उभं राहायचं नसल्यामुळे पडायचं नसतं, हे तत्त्वज्ञान तिचं. थोरल्याला आता वल्हं घेऊन उभ्याने चालवायची भली मोठी फळी हवी आहे. त्याला सांगितलंय, ती आधी पवनेच्या धरणात चालवून दाखव, तिथे लाट नाही.

मुलीच्या जातीला हे कशाला, असं आत्याने विचारल्याचं कळलं. तिला सांगा, 1915 च्या जानेवारीत हवाईचे ड्यूक कहानामोकू सिडनीच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर या खेळाचं प्रात्यक्षिक करत होते, तेव्हा त्यांनी फळीवर सोबत घेतली ती इझाबेल लेथम, वय वर्षं पंधरा. पाइनच्या लाकडाची ती फळी तिथल्या क्लबात अजून जपून ठेवली आहे. आणि "घाटावरच्या माणसांना समुद्र कशाला" असं पुढे म्हणाली, तर म्हणावं, चैत्रात कोळी बांधव समुद्र सोडून एकवीरेला कार्ल्याचा डोंगर चढतात. परतभेट द्यायला नको का?

आता आईच्या काळजीचा भाग. किनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे लावतात. पोहणाऱ्यांनी आणि बूगीवाल्यांनी त्यांच्या मधे राहायचं, उभ्या फळीवाल्यांनी बाहेर. जीवरक्षकाने शिट्टी मारली की नगरसेवकाची ओळख सांगून भागत नाही. सगळ्यात फसवं पाणी ते, जिथे लाटा फुटत नाहीत आणि वर सगळं गुळगुळीत दिसतं. तिथूनच किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत आत जात असतं. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करायचा, जमलं तर आडवं पोहायचं. हे मी मुलांकडून पाठ करून घेतलं आहे. 2024 च्या जूनमध्ये भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. पाणी गुडघाभर आहे, हे वाक्य त्यानंतर आमच्या घरात कोणी म्हणत नाही.

थोरल्याला एकदा ब्लूबॉटल चावली. जुहूला पावसाळ्यात येते तीच, निळ्या फुग्याची, जेलीफिशसारखी. इथे त्यावर सोसवेल इतकं गरम पाणी ओततात. आईने फोनवर हळद सांगितली होती, तीही नंतर लावली, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं यावर घरात दोन मतं आहेत. शार्कबद्दल आईने विचारू नये. मीही विचारत नाही.

दिवाळीनंतर तुम्ही दोघं येताय, तेव्हा इथे पाणी कोमट असेल. आईने कपड्यांची चिंता करू नये. लांब बाह्यांचा, गळाबंद सदरा सगळेच घालतात, उन्हासाठी. आपल्या खाचरात ती घालायची त्यापेक्षा जास्त अंग झाकतं. अण्णांनी अलिबागला पँट दुमडून घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहण्याची नौदलाची परंपरा मात्र इथे सोडावी. पेन्शनीत तसं कुठे लिहिलेलं नाही.

थोरामोठ्यांस नमस्कार, छोट्यांस आशीर्वाद.

तुमची,
बेबी

ता. क. : अण्णा, फळी राखून ठेवायची आहे, तर उलट टपाली वजन कळवा. खरं कळवा, इथे लिटरचा हिशोब असतो. आईचं वजन तिचं तीच कळवेल. तुम्ही अंदाज लिहून घरातली शांतता मोडू नका.