डिपर मारूनही न झुकणाऱ्या झोताच्या मालकास

भाऊ,

पत्राला सुरुवात नावानं करायची रीत आहे, पण तुझं नाव मला ठाऊक नाही. गाडी कोणती, नंबरप्लेटवर एमएच २९ च्या पुढे काय लिहिलंय, तू तरणा की पोक्त, हेही सांगता येणार नाही. यवतमाळहून आर्णीकडे, पांढरकवड्याहून घाटंजीकडे, दिग्रसहून पुसदकडे, दिवेलागणीनंतर कुठल्याही रस्त्यानं निघालो की तू समोरून येतोस आणि रस्ता, झाडं, माणसं सगळं पांढऱ्या उजेडात बुडतं. एवढा उजेड घेऊन फिरतोस आणि तुझं तोंड कुणाला दिसत नाही. तुझ्या नव्या एलईडीची ही पहिली कमाई.

तुझी मूळ तक्रार खरी आहे, हे आधीच सांगतो. शंभर सीसीच्या गाड्यांना वर्षानुवर्षं कंपनीकडून ३५ वॉटचा हॅलोजन बल्ब आला. जुन्या कित्येक गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नव्हता, थेट कॉइलवर चालायचा. रेस दिली की उजेड वाढे आणि घाटाच्या वळणावर गाडी मंदावली की दिवा मिणमिणायचा. म्हणजे जिथे नीट दिसायला हवं तिथेच तो दगा द्यायचा. आपल्या जिल्ह्यात रात्रीचा रस्ता हौसेचा नाही. शेतीची लाइन रात्रीची असली की ओलितासाठी मोटर सुरू करायला शेतकरी अंधारात निघतो. कुणी जागलीला जातो. वणीकडच्या कोळसा खाणींतला कामगार पाळी संपवून घराकडे येतो. यांना खड्डा आणि आडवा आलेला रोही वेळेत दिसलाच पाहिजे. तू उजेड वाढवलास याचा मला राग नाही. तो तू लोकांच्या डोळ्यांत ओतलास, याचा आहे.

तू काय केलंस ते तुला दुकानात कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नाही. बल्ब, त्यामागचा आरसा म्हणजे रिफ्लेक्टर, आणि पुढची काच, हे तिन्ही एकमेकांच्या मापानं बनतात. तुझ्या मूळ हॅलोजनमध्ये दोन तारा होत्या, एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची एक चिमुकली वाटी होती. त्या वाटीमुळे उजेड आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडायचा आणि तिथून खाली, रस्त्यावर यायचा. समोरच्या माणसाचे डोळे त्या नखाएवढ्या वाटीनं राखले होते. तू ती काढून टाकलीस. तिच्या जागी बाजारातला जो एलईडी खुपसलास, त्याचे दिवे मूळ तारेच्या जागेवर, तेवढ्याच आकारात नेमके बसले नाहीत, तर आरसा तो उजेड वाटेल तिकडे उधळतो. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून स्वच्छ दिसत नसतं. मग तू बटण दाबून डिपर केलास तरी झोत खाली उतरत नाही. मी अप्पर-डिप्पर करून विनवतो, तूही बटण दाबतोस, आणि उजेड तसाच माझ्या डोळ्यांत राहतो.

गंमत म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. कापसाच्या हंगामात आर्णी रोडवर माझ्या पुढे एक बंडी चालली होती. कापूस काठोकाठ भरलेला, मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी. शेतकरी बैलांच्या बाजूनं पायी. समोरून तुझ्यासारखाच एक आला. झोत पडला तसा रस्त्याकडचा बैल बिचकला आणि त्यानं जू ओढत बंडी तिरपी केली. त्या माणसानं एका हातानं कासरा आवळला आणि दुसऱ्या हातानं गळ्यातला दुपट्टा डोळ्यांवर धरला. मला मागून बंडीची कडही दिसेना. ब्रेक दाबला तेव्हा गाडीचं पुढचं चाक बंडीच्या साठ्यापासून हातभरावर होतं. झोतवाला वेग कमी न करता निघून गेला. आपल्यामागे काय होऊन बसलं असतं, हे त्याला आजही माहीत नसेल.

बंडीला मागे चमकणारी पट्टी हवी होती, हे खरंच. पण ती असती तरी तुझ्या झोतानं दिपलेल्या डोळ्यांना कितपत दिसली असती? अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर प्रखर उजेड पडला की बाहुली लगेच आकसते, पण झोत निघून गेल्यावर पुन्हा अंधारात दिसू लागायला काही सेकंद जातात. वय झालेल्याला जास्त, मोतीबिंदू असलेल्याला त्याहून जास्त. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त अंतर कापते. तीन सेकंद दिसलं नाही तर ५० मीटर रस्ता आंधळेपणानं पार झाला. त्या ५० मीटरमध्ये बंडी असेल, शाळेच्या सायकलवर उशिरा परतणारी पोर असेल, नवरात्रात माहूरला पायी निघालेली माणसं असतील. तू तेव्हा पुढच्या गावात पोचलेला असतोस.

त्यात तू गाडीवर एकटा क्वचितच असतोस. मागे दोघं, नाहीतर ४५ किलोची युरियाची गोणी. मागचं वजन वाढलं की शॉकअप दबतात, गाडीचं तोंड वर होतं आणि झोत आणखी वर चढतो. आपला मुलूख चढउताराचा. चढ संपून गाडी माथ्यावर आली की तोच झोत समोरच्याच्या थेट कपाळावर येतो. आणि १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो बंद करायचं बटणच नसतं. दुचाकी इतरांना दिसावी, तिचा अपघात टळावा, म्हणून केलेला हा नियम. त्याच दिव्याचं तू इतरांना काहीच न दिसण्याचं साधन केलंस.

कायद्याला हे मान्य असेल असं वाटत असेल, तर तेही ऐक. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, त्याच्या अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत तो दिपणार नाही, इतका झोत कायम खाली वळलेला असावा, नाहीतर चालकाला तो तसा खाली वळवता यावा. दीड मीटर म्हणजे जवळपास डोक्यावर भारा घेऊन पायी घरी निघालेल्या बाईच्या डोळ्यांची उंची. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेला फेरबदल गाडीत करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुला अजून कुणी अडवलं नाही, एवढ्यावरून ते चालतं असं समजू नकोस.

तुझ्याबरोबर तो बल्ब विकणाऱ्यालाही एक प्रश्न आहे. दुकानदारा, तू 'लावून देतो' म्हणालास. लावल्यावर झोत भिंतीवर पाडून पाहिलास का? खोक्यावरचा वॉटचा मोठा आकडा दाखवून माल विकता येतो, पण तो उजेड कुठे पडणार, हे गिऱ्हाईकाला सांगणं तुझं काम होतं. ९०-१०० वॉटचा हॅलोजन छोट्या गाडीत बसवून देणाऱ्यानं तर होल्डर वितळेल, स्विच जळेल, कॉइलला ओझं पेलणार नाही, हेही सांगायला हवं.

आता भाऊ, पुन्हा तुझ्या कामाचं सांगतो. जास्त उजेड हवा असेल तर आधी जो आहे तो पुरता मिळतोय का ते बघ. काच बाहेरून धू. रिफ्लेक्टर काळवंडला किंवा त्याचा मुलामा उडाला असेल, तर कितीही महाग बल्ब फुकट, तो बदल. मग मेकॅनिककडून होल्डरवर व्होल्टेज मोजून घे. सैल जोड, गंजलेली अर्थिंग, बारीक वायर यांत बराच दाब वाया जातो, आणि १२ च्या जागी ११ व्होल्ट पोचले तर हॅलोजनचा उजेड साधारण पाव हिश्श्यानं उतरतो. बॅटरीवर चालणाऱ्या दिव्याला जाड वायर आणि रिले टाकला की तोच बल्ब निराळा वाटतो. बल्ब घे तो त्याच मापाचा, त्याच वॉटचा, चांगल्या कंपनीचा. एलईडीच हवा असेल, तर मुळातच त्यासाठी बनलेला, तुझ्या गाडीला मान्य असलेला अख्खा हेडलाइट घे. हॅलोजनच्या आरशात एलईडी कोंबू नकोस.

आणि शेवटी झोत बसव. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी कर. नेहमी मागे बसणाऱ्याला मागे बसव. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखून घे. डिपरचा प्रखर भाग त्या रेघेच्या थोडा खाली पडला पाहिजे. वर जात असेल तर हेडलाइटच्या स्क्रूनं खाली आण. याला पैसे लागत नाहीत. खाली वळलेला झोत रस्त्यावरच पडतो, म्हणजे खड्डा तुलाच आधी दिसेल.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा संध्याकाळ व्हायची असेल, तर अंधार पडायच्या आत तो बल्ब काढ आणि जुना हॅलोजन लाव. जमलं नाही, तर निदान आज रात्री हळू चाल, आणि निघायच्या आधी स्क्रूनं झोत खाली घे. तुझ्या गाडीनं उजेड रस्त्यावर पाडायचा आहे. माणसांच्या डोळ्यांत उजेड पाडायचा हक्क तुला कुणीही दिलेला नाही.