किलीमांजारोकर

डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या जिन्यात पहाटे साडेपाचला पाठीवर भली मोठी सॅक घेऊन कुणी वरखाली करताना दिसलं, तर चोर समजून ओरडू नये. सॅकेत पाण्याच्या दहा बाटल्या आहेत. लिफ्टही चालू आहे. तो किलीमांजारोकर आहे.

वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी बँकेत नाहीतर आयटीत, गुडघे किंचित कुरकुरणारे. एका रविवारी येऊर, दुसऱ्या रविवारी मलंगगड, मग पहिली कसारा लोकल पकडून, पुढे जीपने बारी गावातून कळसूबाई. कळसूबाई १,६४६ मीटर, आफ्रिकेतला किलीमांजारो ५,८९५ मीटर. हा साडेतीनपटीचा हिशेब तो भेटेल त्याला ऐकवतो. फक्त घरात, तिकिटाचा विषय निघेल म्हणून, गप्प राहतो.

तशी ही चढाई दोर-खिळ्यांची नाही. टांझानियात वाटाड्या सक्तीचा आहे आणि सामान पोर्टर वाहतात. पण शेवटची रात्र कुणालाच सोडत नाही. बराफू तळ ४,६७३ मीटरवर. तिथून मध्यरात्री निघायचं, बाटलीतलं पाणी गोठतं आणि शिखरावर प्राणवायू मुंबईच्या साधारण निम्मा. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्याला एवढ्या कमी हवेचा सराव असतो म्हणा.

खरा कस लागतो तो सोसायटीच्या ग्रुपवर. ‘मुरबाडकडच्या शाळेसाठी मीटरला एक रुपया!’ असा त्याचा मेसेज पडतो. लगेच सत्तावीस अंगठे, अकरा नमस्कार. पैसे शून्य. तळमजल्यावरचे काका विचारतात, “५,८९५ म्हणजे अडनिडा आकडा. राउंड फिगर केली तर?” साहेब खुलतात, त्यांना सहा हजार ऐकू येतात. काका पाचशे पाठवतात.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मुद्द्याला हात घालतात. “अहो, तिकिटाचेच पैसे शाळेला दिले असते तर?”

प्रश्न बिनतोड आहे. पण नुसतं ‘शाळेला द्या’ म्हटल्यावर याच ग्रुपवर एक रुपया जमला नव्हता, हेही तितकंच खरं. माणूस दमतो, हे दिसल्याशिवाय आपला हात खिशात जात नाही. २००४ पासूनच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये संस्थांसाठी निधी उभा राहतो तो याच स्वभावावर. एडमंड हिलरी १९५३ मध्ये एव्हरेस्ट चढले. त्या नावावर पैसा उभा करून १९६१ मध्ये त्यांनी खुमजुंगला शेर्पांच्या मुलांची शाळा काढली. उलट पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ने २०१२ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी लोकांकडे सरळ चढाईसाठीच पैसे मागितले. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली आठ जण शिखरावर पोचले. दोन्ही व्यवहार चोख, कारण पैसा कशाचा ते आधीच सांगितलेलं.

घोटाळा होतो तो मधल्या वाटेवर, देणगी शाळेच्या नावानं आणि विमान देणगीतून. आमचा किलीमांजारोकर त्यातला नाही. तो आपल्या सहलीचा हप्ता स्वतः भरतो, आणि काकूंनाही तसं दोनदा सांगून झालंय.

तेव्हा असा मेसेज आला की अंगठ्यावर भागवू नका. क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा, एवढं विचारा. संस्थेचा असेल तर पैसे टाका आणि ८०जीची पावती मागून घ्या. दोन हजारांवरची देणगी रोख देऊ नका, तिच्यावर करसवलत मिळत नाही.