शिकलास तर मुंबयक जातलस

दहावीचा निकाल लागला की एक दिवसापुरता महाराष्ट्र आमच्याकडे वळून बघतो. २०१२ साली रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून वेगळं कोकण मंडळ झालं आणि तेव्हापासून दहावीत पहिला नंबर कोकणाचा ठरलेला. २०२४ ला निकाल ९९.०१ टक्के. उरलेल्या एका टक्क्यात कोणाचा झील सापडला, याचीच मग वाडीत चर्चा.

आमच्या लहानपणी शिक्षणाचं महत्त्व सांगायला घरात एकच वाक्य पुरत असे : "शिकलास तर मुंबयक जातलस." पाठीत धपाटा बसला की पुढचं वाक्य यायचं : "नाय शिकलास तरी जातलस, पण मगे गिरणीत." म्हणजे मुंबई काही चुकत नव्हती. खुर्चीवर बसायचं की साच्यासमोर उभं राहायचं, एवढाच प्रश्न शाळेने सोडवायचा होता.

शाळेनेही तो आपल्या परीने सोडवला. भूगोलात आम्ही 'आपला जिल्हा रत्नागिरी' सीमांसकट पाठ केला. सरकारने १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा काढला आणि आमचं अर्धं पाठांतर शेजारच्या जिल्ह्यात गेलं. समोर समुद्रात किल्ला उभा असताना त्याची माहिती मात्र आम्ही पुस्तकात मान घालून घोकत होतो. मान वर केली की गुरुजी विचारत, "भायर काय बघतंस?"

बाहेर बहुतेक वेळा रापण असायची. होडीने लांबवर फेर धरून जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसांनी ओढत आणायच्या, ओढणाऱ्याला वाटा. दोरीला हात लावला की पोरालाही चार बांगडे मिळत. त्यामुळे बांगड्याच्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा. एकदा गुरुजी हजेरीचं पुस्तक घेऊन थेट वाळूत आले. नावं पुकारली, आम्ही दोरी न सोडता 'हजर' म्हणालो. जाळं जड लागत होतं. गुरुजींनी थोडा वेळ पाहिलं, पुस्तक होडीत ठेवलं, धोतर खोचलं आणि आमच्या मागे दोरीला लागले. त्यांचा वाटा संध्याकाळी त्यांच्या घरी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. 'दोरी ओढणाऱ्यांत वाटे कसे करावेत' हे त्रैराशिक मला त्या दिवशी समजलं. फळ्यावर ते समजलं नव्हतं.

पण शाळेची खरी परीक्षा व्हायची ती ओटीवर. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की शेजारची काकी पैसे मोजून घेई, अंगठा उठवी आणि कुपनाचा तुकडा माझ्यापुढे धरी : "बाबू, वाच रे, काय लिवल्यान हा?" बोटभर जागेत काकांनी परळच्या खोलीतून अख्खा संसार कोंबलेला असे. तब्येत बरी आहे. म्हशीला डॉक्टर दाखवा. धाकट्याला शाळेतून काढू नका. पुढच्या महिन्यात पैसे कमी येतील. हे शेवटचं वाक्य लिहिणाऱ्याने कुठेही ठेवलेलं असो, आम्ही ते म्हशीच्या नंतर वाचायचो. काकी सगळं पुन्हा वाचायला लावी. दुसऱ्या खेपेला ती कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघे, आणि गाळलेला शब्द बरोबर पकडी. तिच्याएवढा कडक परीक्षक मला पुढे कुठल्याही कॉलेजात भेटला नाही. पास झालो की खाजं मिळे.

शिकून मुंबईला जायची ही रीत काही आमच्यापासून सुरू झाली नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणात जन्मले, इंग्रजी शिकले रत्नागिरीला, आणि १८६२ ला मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत जाऊन बसले. पुढे त्यांच्या संस्कृतच्या पुस्तकांनी किती पोरांना विभक्त्यांसाठी रडवलं, त्याचा हिशेब मालवणकडे मागू नये. वेंगुर्ल्याजवळच्या केळुशीचे कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईत मास्तर झाले. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला त्यांना दिसे. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. गाव सोडून गेलेल्या एका मास्तराच्या नावावर एवढं जमा असेल, तर गावाने त्याच्या जाण्याबद्दल तक्रार करू नये असं मला वाटतं. मी स्वतः मात्र चाकरमानी झाल्यापासून दर चतुर्थीला तक्रार करतो.

आता शाळेचा पट असा घसरलाय की माजी विद्यार्थी मेळाव्याला जास्त बाकं लागतात. गेल्या मे महिन्यात आम्ही जमलो. मुंबईकरांनी प्रोजेक्टर दिला, पुण्यावाल्यांनी कपाट. भाषणं झाली; 'गावातच राहून शिका' असं सगळ्यांनी सांगितलं, रात्रीच्या गाडीचं तिकीट खिशात ठेवून. आमच्यातला एक जण मात्र कधी गेलाच नाही. त्याची होडी आहे, तारकर्लीला पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेतो, भरती-ओहोटीची वेळ त्याला घड्याळ न बघता कळते. सगळे त्याचं कौतुक करू लागले. तूच खरा शिकलास, वगैरे.

तो भजी खात ऐकत होता. मग म्हणाला, "ता सगळा ऱ्हवांदे. माझ्या चेडवाक मुंबयत खंयच्या कॉलेजात घालू, ता सांगा आदी."

आम्ही आठ जणांनी त्याला नऊ कॉलेजं सांगितली.