फरक पडतो!

उजव्या पायाला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाय दाबून पाहिला, घोट्यापाशी नाडी चाचपली आणि विचारलं, "पाकीट मागच्या खिशात ठेवता का?" म्हटलं, ठेवतो. "पुढे ठेवा. त्यावर बसून नस दाबली जातेय." झालं! ना गोळी, ना इंजेक्शन, ना साधी रक्ततपासणी. फी घेऊन माणसाला खिसा बदलायला सांगणाऱ्या डॉक्टरवर कुणी विश्वास ठेवायचा?

टेकडीवरच्या आमच्या कट्ट्यानं मात्र प्रकरण गांभीर्यानं घेतलं. "सर्क्युलेशन," अण्णा म्हणाले. अण्णा बँकेतून निवृत्त झालेत. कुठे काय तुंबलंय हे त्यांना लांबूनच कळतं. रक्त शरीरात फिरतं हे विल्यम हार्वेनं १६२८ साली पुस्तक लिहून मांडलं. ते नेमकं अडतं कुठे, हे कट्ट्याला विनापुस्तक ठाऊक आहे. कुणी अर्जुनसाल सुचवली. कुणी लसूण-आलं-लिंबाच्या रसात ॲपल सायडर व्हिनेगर आणि मध घालून सगळे ब्लॉकेज उघडायचा काढा सांगितला. एका काकांची अँजिओप्लास्टी झाली आहे. ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात, वर लसणाची कॅप्सूल आणि शिवाय गिंको. परवा दाढ काढली, तर रक्त थांबेना. कट्ट्यावर इतकं सर्क्युलेशन दुसऱ्या कुणाचंच नाही.

प्रश्न उरला विश्वासू ब्रँडचा. औषध कडू हवं, बाटलीवर दाढी हवी, आणि दाढी नसेल तर निदान 'जर्मनीला एक्सपोर्ट' असं छापलेलं हवं. अण्णांची कसोटी याहून सोपी आहे: त्यांची सून जो विकते, तो ब्रँड विश्वासू.

मी तीन डबे आणि भिंग घेऊन बसलो. पहिल्या डब्यावर लालभडक हृदय आणि एक्स्प्रेसवेसारख्या मोकळ्या रक्तवाहिन्या. मागे मोहरीएवढ्या अक्षरांत 'औषधी उपयोगासाठी नाही' आणि चौदा आकडी खाद्य परवाना. म्हणजे कायद्याच्या लेखी हे शेव-लोणच्याचं भावंड. दुसऱ्यावर 'आयुर्वेदिक औषध', औषध परवान्याचा क्रमांक, बॅच, घटकांची यादी. दिसायला अगदीच रुक्ष, म्हणून तो तसाच ठेवून दिला. तिसऱ्यावर परवाना कुठलाच नाही, नुसता मोबाइल नंबर आणि '१०० टक्के नैसर्गिक'. धोतराही नैसर्गिकच असतो म्हणा.

हृदयविकार किंवा रक्तदाब बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे ही मंडळी फार नम्र भाषेत बोलतात. 'सहाय्यक', 'पोषक', 'संतुलन राखण्यास उपयुक्त'. बाकीचं काम तोंडी होतं, एकाच वाक्यात: "फरक पडतो." कशात पडतो, किती पडतो, हे विचारणं असभ्यपणाचं.

मी तो असभ्यपणा केला. अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरून १९३ आयुर्वेदिक उत्पादनं विकत घेऊन तपासली होती. त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, असं त्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलं. हे कट्ट्यावर सांगून मी सूनबाईंच्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. शांतता पसरली. "घरच्या माणसाकडे सर्टिफिकेट मागता?" अण्णांचा आवाज कापरा झाला. त्यांचा रक्तदाब वाढू नये म्हणून मी तीन महिन्यांचा कोर्स घेतला, रोख पैसे मोजून.

तिसऱ्या महिन्यात मुंग्या खरोखरच थांबल्या. बसलं की टोचत नाही, पाय बधिर होत नाही. पाकीट अजून मागच्याच खिशात आहे. फक्त कोर्सच्या तीन महिन्यांनंतर ते फुलक्यासारखं चपटं झालंय.

"काय, फरक?" परवा कट्ट्यावर विचारलं गेलं.

"पडला," मी म्हणालो. खोटं कशाला बोलायचं?

संध्याकाळपर्यंत सूनबाईंकडे सात ऑर्डरी गेल्या होत्या.